लेगोच्या माणसांचे मावळे: रंग किती आणि डिकल कुठे

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलांना यंदा दिवाळीत प्रतापगड करायचा आहे आणि त्यावर बाजारातली मातीची चित्रं न मांडता घरातल्या लेगोच्या माणसांचेच मावळे करून उभे करायचे आहेत. फॅब्रिक कलरने पाय रंगवले, ते दुसऱ्या दिवशी सालीसारखे निघाले. अंगरख्याचं डिझाइन घरच्या इंकजेटवर डिकल पेपरला (पाण्यात भिजवून छाप सरकवून लावायचा कागद) छापलं, तर पाण्यात टाकताच शाई पसरली. मग साध्या स्टिकर पेपरवर छापून चिकटवलं, त्याच्या कडा उचलल्या. पगडीचं काय करायचं, हेही विचारलं आहे.

मी सांगलीत बरीच वर्षं हे काम करतो आहे, स्वतःसाठी आणि आसपासच्या मुलांसाठी. तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, पण त्या टाळायच्या तर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. रंगवायचं कमीत कमी, आणि प्रत्येक थराला वाळायला पुरेसा वेळ द्यायचा.

कमीत कमी का, ते आधी सांगतो. लेगोचं प्लास्टिक एबीएस असतं आणि ते आरपार रंगीत असतं. पांढरा पाय कितीही घासला गेला तरी पांढराच राहतो. वरून दिलेला कुठलाही रंग तेवढा टिकत नाही. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी सगळी माणसं सुटी करा आणि एका ताटात धडं, पाय, डोकी वेगवेगळी मांडा. १९७८ पासून या माणसाची मूळ मापं बदललेली नाहीत, त्यामुळे कुठलंही डोकं कुठल्याही धडावर बसतं. पांढरं धड आणि पांढरे पाय एकत्र आले की अंगरखा आणि सुरवार रंगाशिवाय तयार. तपकिरी, गडद लाल, गडद निळे भागही बाजूला काढा. सगळेच मावळे भगवे करायची गरज नाही, आणि ते शोभतही नाही. मंजिष्ठाचा लाल, निळीचा निळा, हळदीचा पिवळा आणि बिनरंगाचं मळकट पांढरं कापड, असे मिसळले की जथा खरा वाटतो. प्रतापगडाच्या लढाईत, १० नोव्हेंबर १६५९ ला, बरंचसं सैन्य जावळीच्या रानात दबा धरून होतं. त्यामुळे झाडीत उभे करायचे मावळे तपकिरी आणि मळकट हिरवे केले तर प्रसंगालाही धरून होईल.

हात मात्र धडातून पुन्हा पुन्हा ओढून काढू नका. खांद्याच्या खोबणीवर ताण येतो आणि काखेखाली धडाला बारीक चीर जाते. बदलायचेच असतील तर एकदाच बदला आणि सोडून द्या.

आता तुमचे पाय का सोलले? दोन कारणं. फॅब्रिक कलर कापडाच्या धाग्यात मुरावा, इस्त्रीने पक्का व्हावा, असा बनवलेला असतो. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला धरायला काही मिळत नाही, वर नुसती रबरासारखी पापुद्री तयार होते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पाय कमरेत फिरतो तिथे दोन भागांमध्ये रंगाला जागाच नसते. तिथे कुठलाही रंग लावा, पहिल्या दोन-चार हालचालींत तो खरवडला जाणार आणि तिथून पुढे सोलत जाणार. कमरेचा सांधा, खांद्याची खोबण, मनगट आणि मानेची खुंटी या जागी रंग लावायचाच नाही. रंग हवा असेल तर त्या रंगाचा भाग शोधायचा. रंग मांडीच्या पुढच्या सपाट बाजूला, पावलांवर, पगडीवर आणि शस्त्रांवर लावा.

दुकानात मिळणारी स्वस्त नकली माणसं वापरणार असाल तर आधी प्लास्टिक तपासा. सुटा भाग पाण्यात बुडवा, आत अडकलेली हवा दाबून, हलवून काढून टाका आणि सोडा. एबीएस पाण्यापेक्षा किंचित जड असतं, ते तळाला जातं. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तरंगतात. तरंगणाऱ्या मेणचट प्लास्टिकवर साधा रंग धरत नाही. हिरवे सैनिक पिशवीत भरून मिळतात, त्यातले बरेच याच जातीचे. मुलांच्या हातात जाणार असतील तर त्यांच्यावर वेळ घालवू नका.

जुनं छापील चित्र काढायचं असेल तर ब्रासोसारखं धातूचं पॉलिश कापसावर घेऊन गोल गोल घासा. थोडा वेळ लागतो, पण प्लास्टिकची चकाकी राहते आणि ती पुढे डिकलला उपयोगी पडते. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही लावू नका. त्यात ॲसिटोन असेल तर ते एबीएस विरघळवतं, चेहरा चिकट होऊन बसका होतो. रंगाच्या दुकानातला थिनरही तसाच. चित्र निघालं की भांड्याच्या साबणाने धुवा, नीट वाळू द्या आणि त्यानंतर भाग फक्त कडांना धरा. बोटांचं तेल लागलं की पुढचं सगळं कच्चं राहतं.

जिथे रंगवायचं आहे तेवढीच जागा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून हलकेच घासा. चमक गेली की पुरे, ओरखडे दिसायला नकोत. मग प्राइमर, म्हणजे रंगाला धरायला मिळावं म्हणून आधी द्यायचा थर. दुचाकीच्या प्लास्टिकच्या पार्टना मारतात तो स्प्रे प्राइमर ऑटो पेंटच्या दुकानात मिळतो. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून अगदी पातळ हात मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरा मारा. एकदम ओला थर बसला तर त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिक खातं आणि कडा बोथट होतात. सांधे आधी मास्किंग टेपने झाकून घ्या. त्यावर आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक किंवा मॉडेलवाल्यांचे अ‍ॅक्रिलिक पाण्याने दुधासारखे पातळ करून दोन-तीन हातांत लावा. पहिला हात डागाळ दिसतो, तो तसाच वाळू द्या, घाईने त्यावर पुन्हा ब्रश फिरवू नका. एवढ्या लहान कामाला फार बारीक ब्रश लागतो असं वाटतं, पण चांगल्या टोकाचा १ नंबर खूप कामं करतो. ०००चा ब्रश इतका कमी रंग धरतो की डोळ्यापर्यंत पोचेपर्यंत टोक वाळलेलं असतं.

हवेचं भान ठेवा. साताऱ्यात पावसाळ्यात स्प्रे मारला तर वर पांढुरकी धुरकट साय येते, कारण सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. दिवाळीआधी परतीचा पाऊस गेला की कोरड्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात स्प्रेचं काम उरकून घ्या. आमच्याकडे सांगलीत एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, रंग हवेतच वाळतो आणि वर रेताड दाणे बसतात.

आता डिकल. इथे जरा सावकाश जातो, कारण मावळा उठून दिसतो तो यामुळेच.

पाण्यात सुटणारं डिकल म्हणजे कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पातळ पारदर्शक पापुद्रा आणि त्यावर तुमची छपाई. पाण्यात टाकलं की डिंक सुटतो आणि पापुद्रा सरकतो. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर तिच्यावर क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे हात मारावेच लागतात. पहिला हात इतका हलका की कागद ओला दिसताच कामा नये. वाळला की तसाच दुसरा, मग तिसरा, आणि रात्रभर ठेवायचं. ब्रशने पाण्याचं वॉर्निश लावलं तर शाई तिथेच पसरेल. कापताना डिझाइनच्या रेषेवरून कापू नका, बाहेर अर्धा मिलिमीटर पारदर्शक कड सोडा, नाहीतर पाणी कडेतून आत शिरून शाई फुटते. लेसर प्रिंटरची तऱ्हा वेगळी. त्याचा टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, ती उष्णतेने वितळून चिकटते आणि पाण्याला दाद देत नाही. म्हणून मी लेसरच वापरतो. डीटीपीवाल्याकडे जाताना कागद लेसरचाच आहे याची खात्री करा आणि त्यालाही दाखवा. इंकजेटचा डिकल कागद लेसर मशिनच्या गरम रोलरमध्ये वितळून अडकू शकतो, आणि मग त्याचं मशिन आणि तुमचे संबंध दोन्ही बिघडतात.

घरचा काय किंवा दुकानातला काय, साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. जिथे डिझाइनमध्ये पांढरं आहे तिथे कागद दिसतो, आणि पारदर्शक कागद असेल तर खालचं प्लास्टिक दिसतं. त्यामुळे पारदर्शक कागदावर छापलेला केशरी शेला काळ्या धडावर लावला तर जवळजवळ दिसेनासा होतो. पांढऱ्या धडांचा आग्रह मी धरतो तो याचसाठी. पांढऱ्या धडावर फक्त अंगरख्याची तिरकी कड, बंद, दोन-चार चुण्या आणि कमरेचा शेला एवढंच छापायचं, बाकी कापड म्हणजे धडाचं प्लास्टिक. गडद धडावर काम करायचं असेल तर पांढरा डिकल कागद घ्या. पण त्याची कापलेली कड पांढरी दिसते, ती नंतर त्याच रंगाच्या ब्रशने टिपून घ्यावी लागते.

मापं नीट घ्या. धड खाली सुमारे १६ मिलिमीटर रुंद आणि साधारण १३ मिलिमीटर उंच, वर निमुळतं होत जातं. कागद धडावर दाबून पेन्सिलने कडा घासून साचा काढा, तो स्कॅन करा आणि डिझाइन त्याच्या आत चारही बाजूंनी थोडं लहान बसवा. डिकल कडेवरून वळायला लागलं की तिथूनच उचलतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असताना, एका मिलिमीटरमध्ये सुमारे १२ ठिपके बसतात, म्हणजे पाव मिलिमीटरच्या रेषेला तीनच ठिपके. त्याहून बारीक रेष तुटक येते, म्हणून डिझाइन ६०० ला करा आणि रेष पाव मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. बाराबंदीचे सगळे बंद दाखवायच्या भानगडीत पडू नका, छातीवर दोन आणि कमरेशी एक पुरेसा. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद करून मूळ मापातच छापा. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून, कापून धडावर ठेवून बघा.

अंगरख्याचा घेर धडाखाली संपत नाही, तो मांडीपर्यंत येतो. लेगोच्या माणसाला घेर नसतो, म्हणून त्याच डिझाइनचे पुढचे तुकडे वेगळे कापायचे: एक कमरेच्या पट्टीसाठी, एकेक दोन्ही मांड्यांच्या पुढच्या बाजूला. सांध्यावरून एकच अखंड डिकल नेलं तर पहिल्यांदा बसवतानाच फाटेल. तीन तुकड्यांतल्या चुणीच्या रेषा एकमेकींसमोर आल्या की डोळा मधली फट विसरतो.

लावायची रीत अशी. धडाचा पृष्ठभाग चकचकीत हवा. प्राइमर किंवा मॅट रंग असेल तर आधी ग्लॉस वॉर्निशचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. खरबरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि उजेडात चंदेरी झाक मारते, ती नंतर झाकता येत नाही. कोमट पाण्यात डिकल चिमट्याने दहा-पंधरा सेकंद बुडवा, काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत ठेवलं तर डिंक धुऊन जातो. तेवढ्यात धडावर ब्रशने पाण्याचा थेंब पसरा. डिकल हलकं सरकायला लागलं की कागदासकट धडाशी न्या आणि कागद खालून ओढून घ्या. ओल्या ब्रशच्या टोकाने जागेवर आणा, मग इअर बडने मधून कडेकडे पाणी टिपत या. कडा उठत असतील तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर मिसळून कडेला लावा, पापुद्रा जरा मऊ पडतो. मॉडेलवाल्यांचं सॉफ्टनर वापरलं तर डिकल आधी सुरकुतेल. त्या वेळी हात लावू नका, वाळताना ते आपोआप ताणून बसतं. रात्रभर वाळू द्या, सकाळी ओल्या कापसाने डिंकाचे डाग पुसा आणि मगच वॉर्निश.

स्टिकर पेपरच्या कडा उचलतात त्या जाडीमुळे. त्याला पर्याय म्हणून आता मोबाइल कव्हरवर छापून देणाऱ्यांकडे यूव्ही डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापलेलं, सोलून चिकटवायचं डिझाइन मिळतं. त्यात पांढरी शाईही छापली जाते आणि पाणी लागत नाही. सपाट धडावर आणि मांडीवर ते छान बसतं, पण थोडं फुगीर असतं आणि गोल डोक्यावर नीट वळत नाही. वीस-पंचवीस मावळे एकसारखे करायचे असतील तर जरूर विचार करा. पाच-सात असतील तर डिकलच करा, हात त्यातच वळतो.

चेहऱ्याला रंग देऊ नका. पिवळं डोकं पिवळं राहू द्या किंवा कातडीच्या रंगाची डोकी मिळवा. पारदर्शक डिकलवर भुवया, डोळे, भरघोस मिशी आणि कपाळावरचं गंध गडद रंगात छापलं की पिवळ्यावरही उठून दिसतं. चेहऱ्याचा तुकडा लहान ठेवा, कानापर्यंत नेऊ नका. डोळ्यातला पांढरा ठिपका टाचणीच्या डोक्याने शेवटी द्या, त्या एका ठिपक्याने नजर येते.

पगडीसाठी एम-सील घ्या, दोन गोळे एकत्र मळले की घट्ट होणारा मसाला. डोक्यावरच्या खुंटीला आणि कपाळाच्या वरच्या भागाला व्हॅसलीनचा पुसट हात द्या, म्हणजे पगडी नंतर सुटी निघेल आणि रंगवायला सोपी जाईल. हातमोजे घालून दोन्ही गोळे सारखे मळा, वाटाण्याएवढा गोळा डोक्यावर दाबून टोपी करा, मग उरलेल्याच्या बारीक वळ्या करून एका बाजूकडे तिरक्या गुंडाळा. वळी बसली की ओल्या टूथपिकने तिच्यावर पिळाच्या रेघा ओढा. एका वेळी एकाच पगडीपुरता मसाला मळा, तो थोड्या वेळात घट्ट व्हायला लागतो. रात्रभर ठेवा, मग प्राइमर आणि रंग. रंग वाळल्यावर तपकिरी रंग भरपूर पाणी घालून वरून सोडा, तो पिळाच्या खोबणीत साचतो आणि कापडाची घडी दिसायला लागते. एम-सील घासायचंच झालं तर ओलं घासा आणि तोंडाला मास्क लावा.

ढालीसाठी शर्टाचं चार भोकांचं काळं बटण घ्या, अकरा-बारा मिलिमीटरचं. आपल्याकडच्या ढालींवर बहुधा चार फुल्या असतात, बटणाच्या चारही भोकांत सोनेरी रंगाचा एकेक थेंब सोडला की तीच ठेवण दिसते. साताऱ्यातच राहता, तर मुलांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जाऊन या. लंडनहून आलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तिथेच मांडली होती. ढालीची गोलाई, तलवारीची मूठ, दांडपट्ट्याची लांबी हे प्रत्यक्ष बघून केलेलं काम चित्रावरून केलेल्या कामापेक्षा वेगळं दिसतं.

शेवटचं वॉर्निश मॅट द्या, म्हणजे डिकलची कड आणि रंग एकजीव दिसतात. स्प्रेचे दोन पातळ हात पुरतात. इंकजेटचं डिकल असेल तर इथेही पहिला हात अगदी पुसट. सांध्यांवर वॉर्निशही नको.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हे मावळे त्याच्या हाती पडू देऊ नका, सगळे भाग घशात अडकतील एवढे लहान आहेत. शिवाय घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत असावं हा २०१६ चा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. त्यामुळे ऑटोचे स्प्रे वापरलेली माणसं किल्ल्यावर ठीक, पण वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाच्या खेळण्यात नकोत. त्या मुलांसाठी प्लास्टिकच्याच रंगाचे भाग जुळवा आणि डिकलही लावू नका.

किल्ल्यावर मांडताना एक काळजी घ्या. अळीव उगवावेत म्हणून आपण रोज पाणी शिंपडतो, आणि तेच पाणी मावळ्यांच्या पायाशी साचतं. ओल्या लाल मातीत पाय रुतवून ठेवले तर वॉर्निश पांढरं पडतं आणि पांढऱ्या सुरवारीवर मातीचा डाग बसतो. प्रत्येकाच्या पायाखाली लेगोची छोटी चपटी पट्टी लावा आणि ती पट्टी मातीत दाबा, मावळा वर राहील. पाणी घालायच्या वेळी पट्टीवरून उचलून घ्या, रात्री दवात ठेवू नका. उरलेला डिकल कागद हवाबंद पिशवीत सपाट ठेवा, दमट हवेत त्याचा डिंक सुटतो आणि पुढच्या वर्षी तो कामाचा राहत नाही.